अप्पांनी एक डोळा उघडला

"आई, काही झालं तरी हात थांबवायचा नाही." पल्लवीनं लाकडी उलथनं माझ्या हातात दिलं. "वीस मिनिटं. हात थांबला की भात तळाला लागलाच म्हणून समजा."

"आणि नाक खाजलं तर?"

"डाव्या हातानं खाजवा."

माझी धाकटी सून अशी. पुण्याची. उत्तर तयारच असतं. दसऱ्याला चार दिवस आली की एक दिवस तरी स्वयंपाकघर ताब्यात घेते. या खेपेला रिसोटो, इटलीकडचा दाटसर भात. तांदूळसुद्धा पुण्याहून पुड्यातनं आणलेला, आखूड आणि गुबगुबीत. मी धुवायला घेतला तर ओरडलीच. धुतला की त्याच्यावरचं पीठ जातं म्हणे, मग भात दाट कसा होणार? पन्नास वर्षं मी तांदूळ धुतले, तीन पाण्यानं. ते सगळे भात माझ्यावर हसत असतील.

आधी लोण्यात अळंबी परतून बाजूला काढली. मग कांदा. मग कोरडा तांदूळ, कडा काचेसारख्या दिसेपर्यंत. ह्यात एक पेलाभर वाइन घालतात, पण आमच्यासारख्या लिंगायताच्या घरात चालणार नाही म्हणून तिनं लिंबू पिळलं. मी म्हटलं, "घाल की वाइन. चालती का न्हाई ते खाल्ल्यावर ठरवू." ती हसली नाही. शेजारच्या शेगडीवर भाज्यांचं कढत पाणी ठेवलं. त्यातलं एक पळी घालायचं, ढवळत राहायचं, आटलं की दुसरी पळी. एवढं सांगून ती बाहेर बैठकीत जाऊन बसली.

तांदूळ पुण्याचा, चीज पुण्याचं. अळंबी तेवढी आमच्या गावची, निंबर्ग्याची, घरामागच्या पत्र्याच्या शेडमधली. म्हणजे निलम्माची.

निलम्मा माझी मधली सून. माझा बसवप्रभु ट्रॅक्टर उलटून गेला त्याला अकरा वर्षं झाली. पोरबाळ नाही. माहेरचे न्यायला आले तेव्हा ती म्हणाली, "अत्तीला सोडून येत न्हाई." अत्ती म्हणजे सासू, मी. पाच वर्षं भाकरी थापत राहिली. मग एक दिवस कलबुर्गीला जाऊन चार दिवसांचं शिक्षण घेऊन आली आणि म्हणाली, सोयाबीनच्या भुसकटावर अळंबी उगवते.

माझे मालक, मल्लप्पा, सगळ्यांचे अप्पा, जेवणावरनं उठले. "कुत्र्याच्या छत्र्या? माझ्या घरात? मटणासारखी फाटती ती!" आमच्यात अंड्याचं टरफलसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. तेव्हा निलम्मानं मागचं शेड मागितलं. तिथं मोडका नांगर आणि एक विंचवाचं कुटुंब राहत होतं. तिनं दोघांनाही बाहेर काढलं, भुसकट उकळून पिशव्या भरल्या, दोरीनं टांगल्या, आणि दिवसातनं तीनदा पाणी फवारायला लागली. पंधरा-वीस दिवसांनी पिशव्यांच्या भोकांतनं पांढरे कान बाहेर आले. तेव्हापासून बुधवारी आणि शनिवारी सकाळच्या पहिल्या बसनं दोन टोपल्या घेऊन ती कलबुर्गीच्या हॉटेलांत जाते. कंडक्टर तिला नावानं हाक मारतो. निंबर्ग्यात बाकी सगळे तिला बसवप्रभुची बायको म्हणतात.

तर मी ढवळत होते. स्वयंपाकघर आणि बैठकीच्या मधे एक खिडकी आहे, ताटं द्यायची. तिच्यातनं थोरल्याचा आवाज आला.

"शनवारी माणसं सांगितलोय मी. पत्रे काढायला अर्धा दिस, खांब पाडायला अर्धा." हा जगदेवप्पा.

"पण अण्णा, वैनीला सांगितलास का?" हा धाकटा, किरणकुमार.

"सांगायचं काय त्यात? घरात तिला काय कमी हाय? खाती-पिती. आणि भुसकटाचा वास किती येतो बघ. तुझी गाडी भर उन्हात उभी ऱ्हाती, रंग जायलाय तिचा. शेड पाडलो की मस्त आडोसा करता येतो गाडीला."

माझा हात चालूच होता. पळी, ढवळणं, पळी, ढवळणं. किरणकुमारची पांढरी गाडी वर्षातनं दोनदा येते. एकदा दसऱ्याला, एकदा जत्रेला. बाकीचा वेळ तो आडोसा कुणाला सावली देणार होता, गल्लीतल्या कुत्र्यांना?

मग माझ्या ध्यानात आलं. निलम्माला पल्लवीनं शेडात पाठवलं होतं, "वैनी, अजून थोडी अळंबी आणा ना, वरून घालायला." आणि मला हे वीस मिनिटांचं ढवळणं. दोघींचे हात गुंतवून ठेवले होते. पल्लवीला ठाऊक होतं का नव्हतं, ते तिचं तिला माहीत.

आता एक सांगते, आणि हे खरं आहे.

मी खोटं लई बोलते. सगळ्या आळंद तालुक्याला ठाऊक आहे. माझं माहेर अफजलपूर. लग्न होऊन येताना भीमेला पूर होता तर मी मगरीच्या पाठीवर बसून नदी ओलांडली, हे मी माझ्या नातवंडांना सांगितलं, त्यांनी शाळेत सांगितलं, मास्तरांनी मला बोलावून घेतलं तर मी त्यांना मगरीचं नावसुद्धा सांगितलं. पण हे तसलं नाही.

तीन वर्षांमागं अप्पा आजारी पडले. शेवटच्या महिन्यात त्यांना भाकरी मातीसारखी लागायची. एका दुपारी म्हणाले, "गुरुबाई, त्या छत्र्या कशा लागतात गं?" मी दार लावून घेतलं. शेडातनं मूठभर अळंबी आणली, निलम्मालासुद्धा सांगितलं नाही, तुपात परतून वर मिरी घातली. सगळी खाल्ली त्यांनी. बोटं चाटली. आठ दिवस रोज मूठभर. नवव्या दिवशी माझा हात धरून म्हणाले, "सगळं दोघा पोरांच्या नावावर करून बसलो मी. त्या पोरीचं ध्यानच ऱ्हायलं न्हाई. मागचं शेड निलम्माचं. पोरांना सांग." तिसऱ्या दिवशी गेले.

आणि मी सांगितलं. कसं सांगितलं, तीच तर माझी चूक.

आमच्यात गेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत. इभूत लावून, हार घालून, भिंतीला टेकवून बसवतात. तसं बसवलं होतं अप्पांना. माती झाल्यावर तिसऱ्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेलं, सगळ्यांची तोंडं उतरलेली, पोरं भेदरलेली. माझ्या जिभेला ते सोसलं नाही. मी म्हटलं, "तुम्ही सगळे बाहेर होता ना तेव्हा, अप्पांनी एक डोळा उघडला. मला म्हणाले, गुरुबाई, मागचं शेड निलम्माचं. आणि हा हार जरा सैल कर, मानेला टोचायलाय."

सगळे हसले. रडणारेही हसले. जगदेवप्पा तर हसता हसता रडला. मलाही बरं वाटलं. ती गोष्ट चार गावं फिरली. पुढं अप्पा डोळा उघडून चहा मागायला लागले, तंबाखू मागायला लागले. शेड त्यातनं कधी गळून पडलं, मला कळलं नाही.

मी उलथनं पातेल्यात सोडलं आणि बैठकीत गेले.

"शेड पाडायचं न्हाई."

पल्लवीनं आधी माझ्या रिकाम्या हाताकडं बघितलं. "आई! भात?"

"ऱ्हाऊ दे भात. जगदेव, अप्पा सांगून गेलेत मला. शेड निलम्माचं हाय."

जगदेवप्पानं किरणकुमारकडं बघितलं. दोघांच्याही तोंडावर हसू आलं. लहानपणी माझ्या गोष्टीत मगर आली की यायचं, तेच.

"व्हय की. एक डोळा उघडून सांगितले न्हवं?"

"तसं न्हाई. ते मी उगं सांगितलं होतं. जायच्या आधी सांगितले. तीन दिस आधी. शुद्धीत होते."

"म्हंजे डोळा उघडलेच न्हाईत?"

"न्हाई."

"मग तीन वर्षं सगळ्या पाहुण्यांना कामून सांगायलीस?"

मी म्हटलं, "तुझी आण घेऊन सांगते. निलम्माच्या अळंब्या खाल्ले ते. आठ दिस. मी स्वतः करून घातले. ते खाऊनच म्हणाले, शेड तिचं."

किरणकुमार इतका हसला की त्याला ठसका लागला. "अप्पा? अळंबी? अव्वा, मगर चालती एक वेळ, हे न्हाई चालत!"

जगदेवप्पा मात्र हसायचा थांबला. "बास आता अव्वा. अप्पांच्या नावावर कायबी खपवू नकोस. जन्मभर ज्यांनी अंडं शिवलं न्हाई..."

तेवढ्यात करपल्याचा वास आला. पल्लवी धावली. आतनं तिचा आवाज आला, "एकच काम सांगितलं होतं!"

तिनं वरचा भात हलकेच दुसऱ्या भांड्यात काढून घेतला, चीज घातलं, लोणी घातलं, निलम्मानं आणलेली अळंबी वर पसरली. ताटात घातला की आपोआप पसरायचा तो भात. दोघे भाऊ दोन-दोनदा वाढून घेत होते.

"वैनी, तुझी अळंबी म्हंजे नंबर एक," किरणकुमार म्हणाला.

निलम्मा वाढत होती. जगदेवप्पानं ताटातनं मान वर न करता तिला सांगितलं, "निलम्मा, शनवारी शेड पाडायलोय. तुझं सामान काढून घे."

तिच्या हातातली पळी जागच्या जागी थांबली. मग तिनं ती त्याच्या ताटात रिकामी केली.

"व्हय, भावजी. नव्या पिशव्यांना आता कुठं कोंब आलाय. पंधरा दिस थांबला असता तर..."

"माणसं सांगून झालीत."

"बरं."

जेवून सगळे दुपारचे आडवे झाल्यावर आम्ही दोघी चुलीच्या ओट्याशी बसलो. निलम्मानं करपलेलं पातेलं मधे ठेवलं आणि चमच्यानं तळ खरवडायला लागली. खरवड चांगली लागत होती. तळाशी दाणे लाल, कडक झाले होते. तिनं निम्मी माझ्या वाटीत टाकली.

"खिडकीतनं ऐकलं मी, अत्ती," ती म्हणाली. "शेडातनं आले तेव्हा."

"मग?"

"मग काय? माझ्यासाठी एवढं कुणी बोललं न्हाई आजपतोर. अप्पांनी अळंबी खाल्ली म्हणे!" ती हसली. "कसं सुचतंय तुम्हाला?"

"निलम्मा, ते खरं हाय."

तिनं मान हलवली. मी नातवंडांपुढं हलवते तशी, हळूच, पोर झोपेला आलं की.

"त्या महिन्यात तुझ्या टोपलीत रोज मूठभर कमी भरायची का न्हाई? आठव की."

"भरायची. उंदरं होती, अत्ती. मी पिंजरा लावला होता."

मी तोंड उघडलं. मला मगरीचं नाव आठवलं, तिच्या पाठीवर किती खवले होते ते आठवलं. बाकी काही सुचलं नाही.

निलम्मानं पातेल्यात पाणी ओतून ते भिजत ठेवलं. कडकडीत, सगळ्यात लाल तुकडा बाजूला काढलेला होता, तो माझ्या वाटीत टाकला. मग पदर खोचून उठली, फवाऱ्याचा पंप खांद्याला लावला. मंगळवार होता तो, उद्या सकाळी टोपल्या घेऊन बस गाठायची होती. मागच्या दारातनं ती गाडीला वळसा घालून शेडकडं गेली, आणि थोड्या वेळानं पंपाचा आवाज सुरू झाला, पिशव्यांना दुपारचं पाणी.