साहेबांचं जाकीट

गळ्यातली मापाची टेप फक्त अंघोळीपुरती काढते म्हणून सगळी गल्ली तिला टेपकाकू म्हणायची. बत्तीस वर्षांत तिच्या हातचा एकही कपडा ‘काकू, जरा सैल करा’ म्हणत परत आला नव्हता, आणि हे ती गिऱ्हाईक दुकानात नीट शिरायच्या आत सांगायची.

त्यामुळे पोलिसांच्या कुत्र्याला गल्लीने वर्गणी काढून चिलखती जाकीट द्यायचं ठरवलं, तेव्हा ते शिवायचं काम दुसऱ्या कुणाकडे जाणं शक्यच नव्हतं. कुत्र्याचं नाव साहेब. गेल्या महिन्यात चोरामागे फुटक्या खिडकीतून उडी घेताना साहेबांची कूस चिरली, नऊ टाके पडले. त्यांना सांभाळणारा पोलीस, म्हणजे त्यांचा हँडलर, त्यांना दोन्ही हातांवर घेऊन याच गल्लीतून दवाखान्याकडे धावला होता आणि टेपकाकूने दुकानातलं कोरं अस्तर त्यांच्या अंगाला गुंडाळलं होतं. ते लाल झालेलं अस्तर काही केल्या तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं.

चाकू किंवा काच आत शिरू न देणारे ताव कारखान्यातून तयार आले. बाहेरचं जाकीट तेवढं साहेबांच्या मापाचं हवं होतं. साहेब दुकानात आले. “ताठ उभे राहा,” टेपकाकू म्हणाली आणि साहेब राहिले. इतकं शहाणं गिऱ्हाईक तिने जन्मात पाहिलं नव्हतं.

रविवारी सकाळी पोलीस मैदानावर अख्खी गल्ली जमली. बेकरीवाल्याने लांबलचक भाषण ठोकलं. हँडलरने साहेबांच्या अंगात जाकीट चढवलं, पट्टे आवळले. कुठे सुरकुती नाही की झोळ नाही. टेपकाकू फुशारून इकडेतिकडे बघू लागली. मग हँडलरने धावायचा हुकूम सोडला. साहेब जागचे हलले नाहीत. पुन्हा हुकूम झाला. साहेब आपले पुतळ्यासारखे उभे.

“काय शिस्त आहे बघा!” बेकरीवाला ओरडला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

टेपकाकू मात्र साहेबांच्या काखेकडे बघत राहिली. काखेत काचणारा कोट घालून समारंभात मिरवणारी माणसं अशीच उभी असतात, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक! पांगापांग झाल्यावर तिने हँडलरला गाठलं.

“खरं सांगा, काचतंय ना?”

“छे हो काकू, सवय नाही अजून.” बोलताना तो बुटांकडे बघत होता. “एवढ्या प्रेमाने दिलंय सगळ्यांनी. आम्ही अगदी जपून ठेवू.”

जपून ठेवणार, म्हणजे कपाटात. आणि पुढच्या फुटक्या खिडकीतून साहेब पुन्हा उघड्या अंगाने उडी घेणार. टेपकाकूने त्याच्या हातातून जाकीट जवळजवळ हिसकावूनच घेतलं.

दुपारी तिने ताट तसंच सरकवलं. “बत्तीस वर्षांत प्रथमच काहीतरी परत आलं,” नवरा म्हणाला. तिने उठून खुंटीवरचा त्याचा कोट अंगात घातला, बटणं लावली आणि दुकानाच्या फरशीवर चक्क रांगायला लागली. एक हात पुढे टाकला तोच मुंढा काखेत कचकन रुतला.

“अगं, कोट फाडशील माझा!”

“कळलं!” ती तशीच फरशीवरून ओरडली. “माणसाचं घ्यावं तसं माप घेतलं मी. उभं करून! साहेब काय फोटो काढायला जातात का चोरामागे?”

दुसऱ्या दिवशी ती खडूचा डबा घेऊन मैदानावर हजर झाली. साहेबांच्या काळ्याभोर अंगावर तिने खांद्यापासून पोटापर्यंत पांढऱ्या रेघा ओढल्या. साहेबांनी हँडलरकडे असं काही बघितलं की तो बिचारा ओशाळला.

“आता पळवा,” टेपकाकू म्हणाली.

साहेब मैदानाला तीन फेऱ्या मारून आले. पुढच्या पायाच्या मागे, कोपर घासतं तिथल्या रेघा साफ पुसल्या गेल्या होत्या. तेवढीच जागा तिने वहीत मांडून घेतली, घरी येऊन शिवण उसवली, बाहेरच्या कापडाचा मुंढा मागे खोल कापला. तावाला धक्का लावला नाही. येताना वाटेत बेकरीवाला भेटला होता, त्यालाही सांगून टाकलं, “ती शिस्त नव्हती हो, माझी चूक होती.” सांगताना जीभ जड झाली, पण सांगितलं.

बुधवारी जाकीट पुन्हा साहेबांच्या अंगात गेलं. हुकूम पुरता व्हायच्या आत ते सुटले. सरावाच्या भिंतीवरून गेले, नळकांड्यातून निघाले, आणि परतताना पाण्याच्या नळापाशी चिखल दिसला तशी त्यात धपकन पडून, चारी पाय वर करून लोळायला लागले.

“साहेब! नवं कोरं जाकीट ते!” हँडलर बोंबलत धावला. “काकू, माफ करा, मी लगेच...”

टेपकाकूने त्याची बाही धरली.

“लोळू द्या हो. अंगात काही घातलंय हेच विसरलेत ते.”

 रुमाल हाताशी लागला नाही, म्हणून तिने गळ्यातल्या टेपेनेच डोळे पुसले.