उजव्या कानाची चीर

भिवराबाई परभणीच्या बाजाराहून परतली ती खुशीत. लोकर खपली होती, पण खुशी लोकरीची नव्हती. निर्वासितांच्या छावणीतल्या कारकुनाने, चंद्रभानने, अखेर एकदाचं तोंड उघडलं होतं. छावणी उठणार होती. सगळ्यांना आगगाडीत घालून मुंबईकडच्या मोठ्या छावणीत धाडणार होते. मात्र ज्याला इथे टिकाऊ काम मिळालंय आणि ज्याच्यासाठी पंच शब्द देतील, त्याला इथेच राहता येणार होतं.

"मी उद्या चुडाव्याला येतो," चंद्रभान म्हणाला होता. "तुमच्या पंचांनी माझ्यासमोर हो म्हटलं, की झालं. नाही म्हटले, तर त्या नवराबायकोला मला सोबत न्यावंच लागेल. माझ्या हातात काही नाही."

हो म्हणायला पंचांचं काय जातं, असं मनाशी घोकत ती चुडाव्याच्या स्टेशनावर उतरली. माणूस खुशीत असला की त्याला सगळंच सोपं दिसतं.

ज्याच्यासाठी हा खटाटोप चालला होता तो मेघराज सिंधमधल्या वाळवंटातला. तिकडे स्वतःची मेंढरं राखायचा. फाळणीत कळप गेला, घर गेलं, आणि तो बायकोला घेऊन या छावणीतून त्या छावणीत फिरत परभणीला येऊन पडला. छावणीतले बाकीचे कापड विकत, गोळ्या-बिस्किटं विकत, कुणी दुकानात हिशेब लिही. याला मेंढराशिवाय काही येत नव्हतं. भिवराबाईने त्याला बाजारात पाहिलं तेव्हा तो विकायला आणलेल्या एका मेंढीच्या पाठीवर हात ठेवून नुसता उभा होता. ते पाहूनच तिने त्याला वाड्यावर आणलं. वाडा म्हणजे धनगरांचा रानातला तळ, जाळी लावून मेंढरं बसवतात तो.

त्याची बायको जमना कुणाशी फारसं बोलत नसे. गाडीत त्यांची लहान मुलगी तापाने गेली होती, आणि मधल्याच कुठल्याशा स्टेशनात उतरून तिला पुरावं लागलं होतं. त्या स्टेशनाचं नाव दोघांनाही वाचता आलं नव्हतं. चुडाव्याच्या रुळावरून गाडी गेली की जमना हातातलं काम टाकून कान झाकून बसे. एकदाच ती भिवराबाईला म्हणाली होती, "अदी, रुळावर झोपेन, पण गाडीत बसणार नाही." अदी म्हणजे तिच्या भाषेत मोठी बहीण. धमकी नव्हती ती. उद्या पाणी भरायला जाणार नाही म्हणावं, इतक्या सरळपणे बोलली होती, आणि म्हणूनच भिवराबाई चंद्रभानच्या मागे लागली होती.

वाड्यावर मात्र एक माणूस मेघराजच्या विरोधात होता. येडबा, भिवराबाईचा दीर. नवरा उमाजी रझाकारांच्या वर्षी गेला, तेव्हापासून दोघांची मेंढरं एकाच रानात बसत. कळप दोन, पण चरायला एकत्र, आणि संध्याकाळी कोकरांवरून रोजची हमरीतुमरी. हे माझं, ते तुझं. इथे गेरूचं बोट लावून खूण करायची रीत. गेरू दोन दिवसांत पुसला जाई आणि भांडण पुन्हा नवं होई. त्यात हा परका माणूस आलेला.

"वयनी, उद्या कायबी झालं तर तो जाईल निघून, आन निस्तरायचं आमाला," येडबा म्हणायचा. "एक चूक झाली ना, मी त्याला वाड्यावर ठिवणार न्हाई. सांगून ठिवतो."

वाड्याजवळ आल्यावर भिवराबाईची कोकरं नेहमीसारखी धावत आली. पहिल्याच कोकराच्या डोक्यावरून हात फिरवताना तिच्या बोटांना ओलं लागलं. उजवा कान टोकापासून खाली चिरलेला, चिरेवर हळद भरलेली. तिने दुसरं ओढलं. त्याचाही उजवा कान. तिसऱ्याचाही. तिची यंदाची सगळी कोकरं, एकूण एक.

तिने हात झटकन मागे घेतला.

मेघराज लगबगीने पुढे आला. हातात चाकू, चेहरा उजळलेला. बऱ्याच महिन्यांनी त्याच्या चेहऱ्यावर असं काही दिसत होतं. "अदी, अब झगडा खतम! हमारे मुलुख में ऐसाच करते. जिसका जानवर, उसके कान का निशान. अब येडबाभाऊ बोलेंगे नहीं."

त्याला बिचाऱ्याला काय माहीत! भिवराबाईच्या कुळात उजवा कान चिरलेलं मेंढरू म्हणजे बिरोबाचं मेंढरू. नवस फेडताना कान चिरायचा आणि ते देवाच्या नावाने कळपात सोडायचं. मग ते विकायचं नाही, कापायचं नाही, आपल्या मरणाने मरेपर्यंत सांभाळायचं. यातली नर कोकरं विकून ती पावसाळ्याची ज्वारी भरणार होती. ती गोष्ट तर गेलीच. पण तिला जास्त भीती वाटली ती दुसऱ्या गोष्टीची. नवस नसताना कान चिरणं म्हणजे देवाच्या नावाने खोटेपणा. अशा माणसाला वाड्यावर थारा नाही, हा नेम. आणि पंच बसणार होते उद्याच.

तिने मेघराजला सगळं सांगितलं. निजामाच्या राज्यात वाढलेली बाई, तिला दखनी उर्दू बोलता येत होती. ऐकता ऐकता त्याचा चेहरा मावळला. चाकू खाली ठेवून तो म्हणाला, "तो मैं सबके सामने बोल दूंगा, गलती मेरी."

"तू गप ऱ्हा," ती ओरडली. तिला त्याचा राग आला होता, भयंकर राग. विचारायचं तरी होतंस रे! आणि मग तिला स्वतःचाच राग आला, कारण इतक्या दिवसांत आपण तरी त्याला कुठे सांगितलं होतं?

येडबाला सांगायची गरजच पडली नाही. त्याने कान पाहिले, डोक्याला पटका गुंडाळला आणि बिरोबाचा पुजारी आणि पंचांतला वडीलधारा ग्यानबा भगत, त्याच्याकडे निघून गेला.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तेव्हा बिरोबाच्या ठाण्यापुढे लिंबाखाली पंच आणि माणसं जमली होती. शेंदूर फासलेला दगड आणि पुढे भंडाऱ्याची वाटी, एवढंच ठाणं. चंद्रभान स्टेशनावरून घाम पुसत आला. परतीची गाडी गाठायची म्हणून सारखं स्टेशनाकडे बघत होता. जमना लांब, बांधलेल्या गाठोड्यापाशी बसली होती. गाठोडं कुणी बांधायला सांगितलं नव्हतं.

ग्यानबा भगत म्हातारा, डोळ्यांनी कमी दिसायचं त्याला. त्याने एका कोकराचा कान बोटांनी चाचपला.

"चीर बिरोबाची हाय," तो म्हणाला. "नवस कुणाचा?"



"नवसच न्हाई तात्या," येडबा उसळला. "ह्या सिंद्यानं आपल्या मनानं चिरले कान. कारकून सायेब, न्या ह्याला. आमच्या देवाची चेष्टा करणारा मानूस आमाला नगं."

मेघराज उठू लागला. काय बोलणार होता ते भिवराबाईला ठाऊक होतं. तो बोलला की संपलं. ती त्याच्याही आधी उभी राहिली.

"नवस माझा हाय," ती म्हणाली.

येडबाने मान वळवून पाहिलं. "तुमचा? कवा केला?"

"गेल्या साली. वऱ्हाडात."

"आन आमाला ठावं न्हाई?"

"बाईमानूस देवापाशी काय बोलती, ते दिराला सांगत बसती का वो भावजी?"

दोन-तीन माणसं हसली. येडबा हसला नाही. "मग काय मागितलं व्हतं, ते तरी सांगा. पावल्याबिगरच फेडला का?"

ग्यानबाने भंडाऱ्याची वाटी पुढे केली. "भिवरा, भंडारा उचल आन सांग."

इथे मात्र तिने लगेच हात पुढे केला नाही. भंडारा उचलून खोटं बोलणाऱ्याचा कळप मरून जातो, हे ती आईच्या मांडीवर असल्यापासून ऐकत आली होती. उमाजीच्या मागे तिला या कळपाशिवाय होतं काय? तिने एकदा मेंढरांकडे पाहिलं. लांबवर गाडीची शिटी झाली. जमनाने कान झाकले नाहीत. ती उठली, गाठोडं उचललं आणि रुळाच्या दिशेने पाहत उभी राहिली.

भिवराबाईने वाटीत हात घातला आणि चिमूटभर भंडारा कपाळाला लावला.

"रझाकारांनी वाडा पेटवला, मालक गेले," ती म्हणाली. "राहिली मेंढरं घिऊन मी वऱ्हाडात पळाले. तितं दारोदार काम मागितलं. खुरपीन म्हणलं, शेण काढीन म्हणलं. लोक म्हणायचे, निजामातली बाई हाय, कोन जाने कशी, पुढं जा. एका दारात तर माझ्या अंगावर कुत्रं सोडलं. त्या दिशी मी ओढ्यात बसून देवाला हाक मारली. म्हणलं, बिरोबा, मला माझ्या रानात परत ने. मला दुसऱ्याच्या दारात हुबी करू नगं." तिने येडबाकडे पाहिलं. "आनलं त्यानं. आज माझ्या दारात दुसरं मानूस हुबं हाय. अजून काय पावायचं ऱ्हायलं, भावजी?"

येडबाही त्या वर्षी वऱ्हाडात होता. तो खाली बघत राहिला.

ग्यानबाने स्वतःच्या कपाळाला भंडारा लावला. "नवस फिटला. कोकरं देवाची झाली. आन नेम हाय, ज्याच्या हातानं कान चिरला, त्यानंच देवाचं मेंढरू राखायचं."

"म्हणजे काम आहे म्हणायचं?" चंद्रभानने घाईघाईने विचारलं. "किती दिवस टिकेल?"

"मेंढरू मरंस्तोवर," म्हातारा म्हणाला. "आन धनगराच्या वाड्यावर मेंढरू लवकर मरत न्हाई, सायेब."

चंद्रभान पंचांना नमस्कार करून एकटाच स्टेशनाकडे पळाला. गाडी आली आणि गेली. जमना मात्र बराच वेळ गाठोडं धरून तशीच उभी होती. मेघराजने तिच्या हातातून ते काढून घेतलं, तेव्हा ती खाली बसली आणि मोठ्याने रडली.

माणसं पांगल्यावर येडबा तिथेच रेंगाळला. भिवराबाई ठाण्यापुढचा सांडलेला भंडारा बोटांनी गोळा करत होती.

"वयनी, खरं सांगा," तो हळूच म्हणाला. "देवापाशी मागितलं व्हतं?"

"मागितलं व्हतं."

"आन कोकरं कबूल केली व्हती?"

भिवराबाईने बोटांवरचा भंडारा दगडावर पुसला. "ती आज केली."

येडबाने देवाकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं, पटका काढून तोंड पुसलं. मग चालायला लागला आणि पुन्हा थांबला.

"त्या सिंद्याला सांगून ठिवा," तो म्हणाला, "माझ्या कोकरांच्या कानाला हात लावला तर हात तोडीन."

जाता जाता तो तिच्या कळपात शिरला. चिरलेल्या कानांच्या गर्दीत धड कानांचं एकच कोकरू चुकून आलेलं होतं. हे माझं की तुझं, असं न म्हणता त्याने ते उचललं आणि काखेत मारून आपल्या जाळीकडे गेला.