माझ्या पाठीवर थांबलेला श्वास

या मित्रांनो, या. दारात उभे राहू नका, आत येऊन बाकावर दाटीवाटीने बसा. मागच्यांनी पुढे सरका, कारण माझा आवाज आता मोठा नाही. बोलायला गेले की आधी कुरकुर होते आणि मग शब्द येतात. घटकाभर चित्त इकडे द्या. मी तुम्हाला एका श्वासाची गोष्ट सांगणार आहे. देवाने न मागता दिलेली ही वस्तू, म्हणून आपण कधी तिची विचारपूस करत नाही.

मी एक जुनी खुर्ची आहे. केस कापायच्या दुकानातली.

माझा जन्म ओतशाळेत झाला. लोखंडाचा रस साच्यात ओतून माझे पाय केले, बैठकीत स्प्रिंगा घातल्या आणि वरून लाल रेक्झिन ताणून बसवले. उजव्या हाताखाली एक खटका होता. तो दाबला की माझी पाठ हळूहळू मागे झुकायची आणि बसलेला माणूस जवळजवळ आडवा व्हायचा. हाच माझा मोठेपणा. ज्यांनी मला विकत घेतले ते थोरले, या दुकानाचे पहिले मालक, गिऱ्हाइकाला हौसेने खटका दाबून दाखवायचे आणि म्हणायचे, "टेका पाठ. आता तुम्ही राजे."

थोरले सकाळी कुलूप उघडताना देवाच्या भजनाची एक ओळ गुणगुणत. मग आधी मला फडक्याने पुसत, नंतर आरसा. तुमच्याएवढी मुले आली की माझ्या दोन्ही हातांवर आडवी फळी टाकून तिच्यावर बसवत. किती मुले त्या फळीवर रडली आणि किती हसली! त्यातलेच एक त्यांचा मुलगा. त्याला मी धाकटा म्हणते. आज तो पन्नाशीला आला आहे, तरी माझ्या लेखी तो फळीवरचाच.

थोरल्यांची दुपारची झोप गल्लीत प्रसिद्ध होती. जेवण झाले की ते दार ओढून घेत, खटका दाबत आणि माझ्यावर आडवे होत. मग असे घोरत की समोरच्या चहावाल्याच्या कपबशा वाजतात, असे लोक म्हणत. "माणूस असावा तर असा," लोक कौतुक करत, "पडला की झोपला. मनात पाप नाही."

लोकांना ऐकू यायचे ते घोरणे. त्याच्या मधले माझ्या पाठीला कळायचे. घोरता घोरता आवाज एकदम तुटायचा. छाती वर यायची, पोट ओढले जायचे, पण हवा आत जायची नाही. घशात कुणी दार लावून घ्यावे आणि आतल्याने धक्के मारावेत, तसे. मग सगळे अंग दचकायचे, हुंदक्यासारखा एक श्वास आत यायचा आणि घोरणे पुन्हा सुरू. उठल्यावर थोरले डोळे चोळत म्हणायचे, "झोपलो खरा, पण अंगातला शीण काही जात नाही."

हे वाक्य ते रोज म्हणायचे आणि रोज लोक हसायचे.

एका दुपारी तो हुंदका आलाच नाही. मी वाट पाहिली. खुर्चीला वाट पाहण्यापलीकडे काय येते? लोक जमले, हात जोडले आणि म्हणाले, "झोपेत गेले. देवाने सोन्यासारखे मरण दिले." देवाला बोल लावण्याएवढी मी मोठी नाही. पण देवाने दिलेला तो जीव शेवटपर्यंत श्वासासाठी धडपडत होता, हे मला ठाऊक होते. फक्त मला तोंड नव्हते.

मग दुकान धाकट्याकडे आले. त्याचा हात वडिलांपेक्षाही हलका. वस्तरा गालावरून फिरायचा तो पाण्यावरून बोट फिरावे तसा. तोही ती ओळ गुणगुणायचा. पण वय वाढले, मान जाड झाली, पोट सुटले, आणि हळूहळू ती ओळ अर्ध्यावर राहू लागली. सकाळीच त्याचे डोके दुखायचे. गिऱ्हाइकांवर उगाच खेकसायचा. मग तोही दुपारी माझ्यावर आडवा होऊ लागला, आणि पहिल्याच दिवशी माझ्या स्प्रिंगांना धस्स झाले. तोच तुटलेला आवाज, तेच अडलेले दार.

घरी तर त्याच्या घोरण्याला कंटाळून त्याची बायको, म्हणजे थोरल्यांची सूनबाई, मुलीच्या खोलीत झोपायला गेली होती. ती एका कारखान्याच्या भांडारात कामाला होती, पहाटे उठायची. तिचे तरी काय चुकले? "रात्रभर खोली दणाणून सोडता," ती डबा घेऊन आली की म्हणायची, "आणि वर थकलो म्हणता! दमायला तर मी हवं." अशा रीतीने घरात जो एक कान जागा होता, तोही दाराआड गेला.

एके सकाळी माझ्यावर मास्तर बसले होते. मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले, थोरल्यांच्या वेळेपासूनचे गिऱ्हाईक, जिभेला धार असलेले. खटका दाबलेला, गालाला फेस, गळा उघडा. धाकटा उभ्या उभ्या वस्तरा चालवत होता. आणि त्याचे डोळे मिटले. क्षणभरच. वस्तरा कानाखाली घसरला आणि पांढऱ्या फेसावर लाल रेघ उमटली.

मास्तरांनी स्वतःच तुरटी उचलून लावली.

"अरे, दाढी करायला आलो होतो. मान ठेवून जायचा बेत नव्हता."

"मास्तर, मला... मला कळलंच नाही."

"तेच तर वाईट आहे, बाळा," मास्तर हळू म्हणाले.

त्या दिवशी धाकट्याने वस्तरा पुसून खणात ठेवला तो ठेवलाच. केस तेवढे यंत्राने कापायचा. दाढीला आलेल्याला परत पाठवायचा. न्हाव्याच्या हातून वस्तरा गेला की काय उरते? गिऱ्हाईक आटले. शेवटी त्याने ठरवले, दुकान सोडायचे, मला विकायचे आणि कुठेतरी पहारेकऱ्याची नोकरी धरायची.

"पहारेकरी? तू?" मास्तर म्हणाले. "मग तुझ्यावर पहारा ठेवायला दुसरा माणूस नेमावा लागेल."

धाकटा हसला नाही. मलाही हसू आले नाही.

त्या सुमारास माझा खटका अडकला. पाठ मागे जाईना. धाकटा दुपारी तसाच ताठ बसून, डोके माझ्या उशीला टेकून झोपला. सूनबाई डबा घेऊन आली आणि दारातच थबकली. दुकानात आवाज नव्हता. धावत येऊन तिने त्याच्या नाकाखाली बोट धरले. श्वास चालू होता, अगदी संथ.

"काय गं?" तो दचकून उठला.

"काही नाही. घोरत नव्हतात, म्हणून घाबरले."

"घोरलो तरी बोलतेस, नाही घोरलो तरी घाबरतेस! माणसानं करावं काय?"

ती हसली, पण ती गोष्ट तिच्या मनातून गेली नाही. आठवड्याभरात मला बघायला गिऱ्हाईक येणार होते, म्हणून मेस्त्रीने खटका दुरुस्त केला. धाकटा पुन्हा आडवा झाला. घोरणे सुरू झाले. त्या दिवशी सूनबाई सुट्टीवर होती. ती बाकावर बसून राहिली. पहिल्यांदाच ती नुसते ऐकत होती. आवाज तुटला. तिने नकळत आपलाही श्वास रोखून धरला. धरवेना तिला, तोंड उघडून तिने हवा घेतली. त्याचा श्वास अजून आला नव्हता. तिने पुन्हा रोखला, पुन्हा सोडला. तेव्हा कुठे त्याचे अंग दचकले आणि तो हुंदका आला.

देवा, मी किती वर्षे या घटकेची वाट पाहत होते! माझ्या पाठीला जे कळत होते ते एका माणसाच्या कानाला कळले.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याचा गळा पाहिला, मान मोजली आणि विचारले, "झोपून उठल्यावर ताजंतवानं वाटतं का?"

"ताजंतवानं?" तो म्हणे विचारात पडला. "ते लहानपणी वाटायचं."

त्या म्हणाल्या, झोपेत घसा मिटत असावा आणि श्वास पुन्हा पुन्हा अडत असावा. झोपेची तपासणी केल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही. तोवर वस्तऱ्याला हात लावू नका, पाठीवर उताणे झोपू नका. पण तपासणीची रांग मोठी होती. नंबर पुढच्या वर्षी लागेल, म्हणाले.

हे सगळे दुसऱ्या दिवशी सूनबाईने दुकानात मास्तरांना सांगितले. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "माझ्या कारखान्याचा आरोग्य विमा आहे. त्यात तुम्हीही आहात. खाजगीत लवकर होईल."

"तो विमा राहू दे. मोठ्या दुखण्याला लागेल."

"अहो, विमा काय ठेवणीतली साडी आहे, घडी न मोडता कपाटात ठेवायला?"

"अगं, घोरण्यासाठी का कुणी विमा वापरतं? लोक हसतील. उद्या तुला, पोरीला काही झालं तर?"

मास्तर पेपर बाजूला ठेवून ऐकत होते. सूनबाई माझ्याजवळ आली. माझ्या पाठीवर, जिथे रेक्झिन फाटले आहे तिथे तिने हात ठेवला. "इथंच ना?" ती म्हणाली. "मामंजी गेले तेव्हा त्यांना कुठलं मोठं दुखणं होतं, सांगा. नुसते घोरतच होते ना?"

धाकटा माझ्याकडे बघत राहिला. इतक्या वर्षांत त्याने मला असे कधी पाहिले नव्हते. मग म्हणाला, "कर फोन."

मित्रांनो, विम्याने चमत्कार केला असे मी सांगणार नाही. आधी डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी मागितली, मग कंपनीची परवानगी. सूनबाई जेवणाच्या सुट्टीत फोन कानाला धरून उभी राहायची आणि फोनमधली बाई पुन्हा पुन्हा थांबायला सांगायची. पण त्याच महिन्यात तपासणी झाली. छातीला पट्टा, बोटाला चिमटा आणि नाकाशी बारीक नळी लावून धाकटा एक रात्र घरीच झोपला. अहवाल पाहून खाजगी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "रात्रभर तुम्ही झोपत नाही. श्वासासाठी कुस्ती खेळता. थकाल नाही तर काय?"

आळशी नव्हता हो माझा धाकटा. हे ऐकून तो तिथेच रडला, असे सूनबाईने सांगितले.

झोपेत नाकावाटे हवेचा झोत देऊन घसा उघडा ठेवणारे यंत्र असते. ते विम्यात बसत नव्हते. पण आता हाती निदान होते. तेच घेऊन दोघे पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे गेले, आणि यंत्रासाठीची सरकारी रांग तपासणीच्या रांगेपेक्षा बरीच लहान निघाली. सुरुवातीला धाकट्याला त्या यंत्राचा नळी जोडलेला मुखवटा सोसेना. झोपेतच काढून फेकायचा. नाकावर वळ उठले. मास्तर रोज विचारायचे, "काय गजराज, सोंड सवयीची झाली का?" सूनबाई मात्र पुन्हा त्याच्या खोलीत झोपायला आली होती, मुखवटा सुटला की ती उठवून लावायची. मला विकत घ्यायला आलेल्या माणसाला त्यांनी चहा पाजून परत पाठवले.

काही महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी वस्तऱ्याला परवानगी दिली. तरी धाकटा खण उघडेना. मग एके सकाळी मास्तर आले, माझ्यावर बसले, स्वतःच खटका दाबला आणि गळा वर करून म्हणाले, "काढ."

"मास्तर, नको. दुसऱ्याच्या दाढीने सुरुवात करतो."

"मान माझी, निर्णय माझा. काढ म्हणतो ना!"

फेस लागला. माझ्या पाठीला मास्तरांचे काळीज धडधडताना कळत होते. बोलणे धीट असले तरी म्हातारा घाबरला होता. वस्तरा कानाखाली आला, जुन्या व्रणापाशी थांबला, आणि पाण्यावरून बोट फिरावे तसा पुढे गेला. मास्तरांचे डोळे मिटले. धाकट्याचे उघडे होते. आणि तो गुणगुणत होता. थोरल्यांची ती ओळ, शेवटपर्यंत.

आता धाकटा दुपारी माझ्यावर झोपत नाही. त्याला गरज लागत नाही. माझी पाठ दुपारभर रिकामी असते. स्प्रिंगा झिजल्या, रेक्झिन फाटले, खटका पुन्हा कुरकुरतो. मी फार थकले आहे, मित्रांनो, पण हा थकवा वयाचा आहे, त्याला नाव आहे. ज्या थकव्याला नाव नसते त्याच्यापासून सावध राहा. तुमच्या घरातही कुणी घोरत असेल. हसा खुशाल, पण एकदा शेजारी बसून नीट ऐका. आवाज मध्येच तुटतो का, ते पाहा. तुटत असेल तर डॉक्टरांकडे न्या, आणि मदतीची जी वाट तुमच्याकडे असेल ती कपाटात जपून ठेवू नका.

आणि घरी जाऊन पाठ टेकाल तेव्हा माझ्या थोरल्यांची आठवण ठेवा. "शीण जात नाही," असे ते रोज सांगायचे. "का जात नाही?" एवढे त्यांना कुणीच विचारले नाही.