कोटाला टाचलेल्या ओळी

लाँड्रीवाल्याला कवितेचं खूळ होतं, आणि परमुलखातल्या त्या गावात त्याची भाषा कळणारं माणूस, बायको सोडली तर, औषधालाही नव्हतं. बायकोला कविता ऐकवली की ती म्हणायची, "छान आहे. आता जेवून घ्या." यावर बिचाऱ्या कवीने काय करावं?

त्याने शक्कल काढली. ओळख पटावी म्हणून कपड्याला जी चिठ्ठी टाचायची, तिच्यावर नावाऐवजी तो गिऱ्हाइकावरच दोन ओळी खरडायचा. दिवसभर काउंटरवर गावाच्या भाषेत गोडगोड बोलायचं आणि पोटातलं सगळं चिठ्ठीवर ओकायचं. कुणाला कळतंय? घड्याळं दुरुस्त करणारा एक म्हातारा दर आठवड्याला कोट टाकायचा. अकरा वर्षांत 'कधी मिळेल' यापलीकडे त्याने तोंड उघडलं नव्हतं. त्याच्या कोटावर असायचं: 'कोट लांब, बोलणं आखूड, हसला तर दात झिजतील बापड्याचे.'

"अहो, एक दिवस कुणीतरी वाचणारा भेटेल," बायको म्हणायची, "आणि दुकानाला टाळं लागेल."

"भेटू दे की. त्याचीच तर वाट बघतोय."

शेवटी तिने छापील आकड्यांच्या चिठ्ठ्यांची गुंडाळी आणली आणि त्याची पेन्सिल काढून स्वतःच्या अंबाड्यात खोचली. लाँड्रीवाला आठवडाभर तोंड पाडून इस्त्री फिरवत होता.

शनिवारी घड्याळवाला आला. कोट घेतला, चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली आणि चक्क लाँड्रीवाल्याच्या भाषेत म्हणाला, "या खेपेला नुसता आकडा?"

लाँड्रीवाल्याच्या पायाखालची जमीन सरकली. आजवर काय काय लिहिलं ते सगळं त्याला एकदम आठवलं. म्हाताऱ्याने खिशातून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला. दोऱ्याने नीट बांधलेला होता.

"बोललो असतो तर तुम्ही खरं लिहिणं सोडलं असतं," तो म्हणाला. "आई गेल्यापासून या भाषेतलं माझ्याकडे एवढंच येतं. दातांचं मात्र चुकलंय. मी हसतो. घरी जाऊन हसतो."

त्याने धुतलेला कोट परत पुढे सरकवला.

वाचक भेटला तर काय काय बोलायचं, हे लाँड्रीवाल्याने वर्षानुवर्षं घोकून ठेवलं होतं. आणि तोंडातून निघालं काय, तर सवयीने, गावाच्या भाषेत, "मंगळवारी मिळेल."

बायकोने अंबाड्यातली पेन्सिल काढून त्याच्यापुढे ठेवली.

"आत्ताच द्या लिहून," ती म्हणाली. "ते थांबलेत."