खिडकी लाव, म्हातारे

रेलीनने पबच्या दारावरची आवाजाच्या तक्रारीची नोटीस टरकन फाडली आणि काउंटरवर आपटली. काउंटर नुकताच पुसलेला होता, ओला कागद तिथेच चिकटला.

"कोण आहे ही भवानी?"

"नाव सांगता येत नाही मला," टेगन म्हणाली. टेगन पबची मॅनेजर. रेलीनच्या बँडचा अल्बम गाजला तेव्हा टेगनची आई शाळेत होती. "आणि ती नोटीस फाडायची नसते."

"चाळीस वर्षं ही बया आमच्या मुळावर उठलीय! शनिवार आला की कौन्सिलचा माणूस आवाज मोजायचं यंत्र घेऊन दारात. आता शेवटचा कार्यक्रम तरी सुखाने करू देईल की नाही?"

"अजून बंदी नाही आलेली. दोनशे मीटरच्या आतल्या दोन घरांच्या सह्या लागतात, एकच आलीय. उद्या पाचपर्यंत दुसरी आली नाही तर वाजवा खुशाल." टेगनने फडकं पिळलं. "तुम्ही तर समोरच राहता, खाटकाच्या दुकानावर. तुम्हाला नाही ना होत आवाजाचा त्रास?"

मागच्या हॉलमध्ये स्टेजवर वायरी जोडत बसलेला डगी खो खो हसला. "तिला कसला त्रास? त्रास तीच आहे."

रेलीन गायची, डगी बास वाजवायचा, गार्थ गिटार. गार्थची बोटं संधिवाताने वाकली होती, म्हणून शनिवारनंतर 'थर्ड शिफ्ट' हा बँड कायमचा बंद करायचा असं तिघांनी ठरवलं होतं. शेवट याच हॉलमध्ये करायचा, कारण शहाऐंशीच्या ऑगस्टमध्ये 'खिडकी लाव' हा अल्बम इथेच, लोकांच्या गर्दीत रेकॉर्ड झाला होता.

खरं तर त्या अल्बमची आई ती तक्रार करणारी बाईच. कौन्सिलचा माणूस चौथ्यांदा आला, 'जवळच्याच एक बाई आहेत' एवढंच बोलून गेला, आणि रेलीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बियरच्या ग्लासाखालच्या पुठ्ठ्यावर तिने दहा मिनिटांत गाणं खरडलं. 'खिडकी लाव, म्हातारे, कापूस घाल कानात.' पुढे ते फुटबॉलच्या मैदानांवर गायलं गेलं, लग्नांत गायलं गेलं, संपात पोलादाच्या कारखान्याच्या फाटकावर गायलं गेलं. त्यानंतरचे दोन अल्बम कुणाला आठवतही नाहीत. तिघांचे संसार मोडले, गाणं मात्र मोडलं नाही. लोकांना दुसरं काही नकोच होतं.

"आपण तिच्यामुळेच वर आलो," गार्थ म्हणाला. "तिला खरं म्हणजे स्टेजवर बोलवायला पाहिजे."

"बोलवते ना. झिंज्या धरून बोलवते. राहते कुठे ती, टेगन?"

"अहो, मला नाही सांगता येत. उगाच त्या मागच्या सहा नंबरवाल्या आजींना..." टेगनने जीभ चावली.

"मागची गल्ली," रेलीन म्हणाली आणि निघाली.

पबपासून मागची गल्ली हाकेच्या अंतरावर, पण रेलीन तिथे फिरकत नसे. दूध आणायचं असलं तरी मोठ्या रस्त्याने वळसा घालून जाई. आज मात्र ती तावातावाने चालत होती. म्हातारीला काय काय ऐकवायचं ते तिने मनात जुळवून ठेवलं होतं आणि ते चांगलं जमलंही होतं. वळणावर भाजलेल्या मिरच्यांचा वास आला. तिची चाल मंदावली. या गल्लीत नंबर बघून कधी कुणाच्या घरी गेल्याचं तिला आठवत नव्हतं. एकच घर माहीत होतं आणि त्याला नंबर असेल असं कधी डोक्यात आलं नव्हतं.

फाटकावर पत्र्याचा सहा होता. अंगणात अर्धं कापलेलं तेलाचं पिंप, त्यावर जाळी, जाळीवर लाल ढोबळ्या मिरच्या. शेजारी बुटक्या स्टुलावर काळं अ‍ॅप्रन बांधलेली म्हातारी.

"मावशी?"

"फाटक ओढून घे," त्रायांका मावशी मिरच्या उलटत म्हणाली. "कुत्रं शिरतं."

मावशी म्हणजे गोत्सेची आई, आणि गोत्से म्हणजे त्यांचा पहिला ड्रमर. अंगणाच्या टोकाला जे गॅरेज होतं त्यात बँडने तीन वर्षं सराव केला होता. नवरा-बायको मॅसेडोनियाहून आलेले, दोघं कारखान्यात. पाळी करून आलेली मावशी त्या गोंगाटात गाढ झोपायची आणि उठली की पाव आणि मिरच्या घेऊन गॅरेजच्या दारात उभी राहायची.

"तुम्ही?" रेलीनचा आवाज चढला. "तक्रारी तुम्ही करताय? तीन वर्षं या पत्र्याखाली आम्ही बडवत होतो, गल्लीतल्या काचा हलत होत्या, तेव्हा नाही कान दुखले?"

"तेव्हा माझा मुलगा वाजवत होता. त्याला आवाज म्हणत नाहीत." मावशीने भाजलेल्या मिरच्यांचं पातेलं पायाने पुढे सरकवलं. "उभी का? हात रिकामेच आहेत तुझे. सोल."

रेलीन बसली. का बसली ते तिलाही सांगता आलं नसतं. मिरची हातात घेतली आणि करपलेली साल अंगठ्याने आपोआप निघू लागली. बोटं पोळली, काळी झाली.

"म्हातारे, म्हातारे," मावशी म्हणाली. "अठ्ठेचाळीसची होते मी. एक केस पांढरा नव्हता. दर शनिवारी चारशे माणसं ओरडायची मला म्हातारी."

"तुम्ही आहात हे ठाऊक नव्हतं मला."

"ठाऊक करून घ्यायला गल्लीत यावं लागतं." तिने जाळीवर चार मिरच्या टाकल्या. "काल रेडिओवर ऐकलं तुला. त्या माणसाने विचारलं, पहिला ड्रमर बँडमधून कधी गेला? तर म्हणालीस, तारखा लक्षात राहत नाहीत. पण त्याला काढल्याचं मीच सांगितलं, म्हणालीस. डोळ्यात डोळे घालून."

रेलीनचा अंगठा थांबला.

हे वाक्य तिने इतक्या मुलाखतींत म्हटलं होतं की आताशा तिला ते खरंच वाटायचं. रेकॉर्ड कंपनीचा माणूस सिडनीहून आला होता. पोरगा बरा आहे पण ताल मागे पडतो, म्हणाला, दुसरा घ्या. गार्थ आणि डगी जमिनीकडे बघत राहिले. मी सांगते, असं रेलीन म्हणाली आणि इथे आली. गोत्से कारखान्यात पाळीवर होता. तो घरी नाही हे कळल्यावर तिला किती सुटल्यासारखं वाटलं होतं! मावशी अशाच मिरच्या भाजत होती. त्याला म्हणावं शनिवारी येऊ नकोस, आम्ही दुसरा बघितलाय, एवढं रेलीनने मावशीला सांगितलं. मावशीने ताट वाढलं होतं. ती ते जेवून गेली.

"तुम्ही सांगणार होतात ना त्याला?" ती म्हणाली.

"नाही सांगितलं."

"म्हणजे?"

"पाळीवरून आला, शिट्टी वाजवत अंघोळीला गेला. कसं सांगू? तुला मैत्रीण असून जमलं नाही, मी तर आई." मावशीने चिमटा खाली ठेवला. "शनिवारी ड्रम गाडीत भरून गेला. अर्ध्या तासात परत. तिथे दुसऱ्याचे ड्रम मांडलेले होते. सगळं सामान गॅरेजमध्ये ठेवलं आणि मला विचारलं, आई, कुणी निरोप घेऊन आलं होतं का गं? मी म्हटलं, नाही."

"असं का केलंत तुम्ही?"

"मग काय सांगू? ती आली होती, पोटभर जेवून गेली आणि मी तिला वाढलं?"

रेलीनने हातातली मिरची पातेल्यात फेकली. "अहो, मग माझ्या दारात यायचं होतं! कानाखाली वाजवायची होती! चाळीस वर्षं कसले अर्ज करत बसलात? आणि गोत्से... गोत्सेला आजही वाटतं की आम्ही त्याला साधा निरोपसुद्धा..."

"हो, तसंच वाटतं. पश्चिमेला खाणीत ट्रक चालवतो. रविवारी फोन करतो. ड्रमचं नाव काढत नाही." मावशीचा आवाज पहिल्यांदा कापला, पण रागानेच. "तुझ्या एकटीवर नाही केले मी अर्ज. स्वतःवर तक्रार करायची तर कुठल्या खिडकीत जायचं, सांग ना! त्या कौन्सिलच्या फॉर्मवर एकच लिहिता येतं. आवाज."

तेवढ्यात पबमधून ड्रमचे ठोके आले. शनिवारसाठी भाड्याने आणलेला ड्रमर होता. मागोमाग गार्थची गिटार, आणि मग दुपारीच पिऊन बसलेल्या चारदोन जणांनी हौसेने सूर लावला. 'खिडकी लाव, म्हातारे!'

मावशीने मान वळवली नाही. तिच्या मागे स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी होती. बिजागऱ्यांवर आणि कडीवर रंगाचे इतके थर बसले होते की ती आता मनात आणलं तरी लागली नसती.

रेलीन ऐकत राहिली. हे गाणं तिने हजारदा तरी म्हटलं असेल, पण या अंगणातून कधी ऐकलं नव्हतं.

"दुसरी सही मिळाली?" तिने विचारलं.

"शेजारचा फरेरा करायचा. हिवाळ्यात गेला बिचारा. त्याला कसला आवाज, ठार बहिरा होता. माझ्या मिरच्यांसाठी करायचा."

खिडकीच्या चौकटीवर लोणच्याच्या बरणीखाली फॉर्म होता, सोबत दोऱ्याने बांधलेलं पेन. रेलीनने हात पँटला पुसले. काळे डाग गेले नाहीत. तिने फॉर्म ओढला आणि उभ्यानेच नाव लिहिलं. मग खाटकाच्या दुकानावरचा पत्ता लिहिला.

"काय करतेस?"

"सही."

"शनिवार तुमचा शेवटचा आहे ना? गार्थची बोटं गेली म्हणे."

"हो."

"मला तुझी दया नको, रेलीन."

"दया नाही ती. राग आलाय मला."

"कुणाचा?"

पबमधलं गाणं दुसऱ्या कडव्यावर आलं होतं. तिथून रेलीन गाते म्हणून गार्थ तिच्या जागेसाठी थांबला, मग त्याने तेवढाच तुकडा पुन्हा वाजवला.

फॉर्मवर शेवटचा एक रकाना रिकामा होता. 'त्रास केव्हापासून आहे?' आधीच्या सगळ्या अर्जांवर फरेराने तिथे नुसती आडवी रेघ मारली असावी.

"ते सोडलंस तरी चालतं," मावशी म्हणाली.

रेलीनने पेन उचललं आणि जराही आठवावं न लागता लिहिलं: गुरुवार, तेरा मार्च एकोणीसशे शहाऐंशी, दुपारी जेवणाच्या वेळेपासून.