पाय वर घ्या

टेबलावरच्या चौथ्या बरणीत विंचू नाही हे दिसलं आणि रंजीताच्या तोंडचं पाणी पळालं.

बरणीत रेती होती, काडी होती, झाकण तिरकं बसलेलं होतं. पाहुणे येणार म्हणून हेमसिंग शिपायाने सकाळपासून प्रयोगशाळेतली वस्तू न् वस्तू पुसून काढली होती, आणि फडकं हातात आलं की या माणसाला जगाचं भान राहत नाही. बरणी उघडून आतून तर पुसली नाही ना, हे विचारायलाही आता वेळ नव्हता. वर्ग भरला होता.

समोर बी.एस्सी.ची मुलं-मुली बसली होती, झाडून सगळी अनवाणी. कारंज्याच्या या कॉलेजात चपला प्रयोगशाळेच्या दाराबाहेर काढायच्या असतात. त्यात आज फरशी धुतलेली, म्हणजे बघायलाच नको.

मागच्या भिंतीशी दोन परीक्षक बसले होते. पंजाबराव सर रंजीताचं शिकवणं तपासायला आले होते आणि देवला मॅडम तिचं संशोधन. पीएचडी करणाऱ्यांसाठीची ही फेलोशिप मोठी खट्याळ होती. नुसता शोधनिबंध चांगला असून भागत नव्हतं, वर्गही रंगला पाहिजे; आणि नुसता वर्ग रंगवणाऱ्यालाही ती दारात उभं करत नव्हती. मिळाली तर रंजीताचं विंचवांवरचं काम पुढे चालणार होतं. नाही मिळाली तर मामाने वाशीमला मोबाइलच्या दुकानात जागा बघूनच ठेवली होती.

लाल विंचू बोटाएवढाही नसतो, पण डसला तर विष थेट हृदयावर जातं. आसेगावच्या बांधावरचे दगड उलटे करून तिने स्वतः हे विंचू धरले होते. तो काय करू शकतो हे त्या खोलीत तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

कपाटातच राहिला असेल, तिने मनाला समजावलं. मनाला ते पटलं नाही, पण तोंडाने शिकवायला सुरुवात केली.

"विंचवाला पाय किती?"

"आठ!"

"शाब्बास." ती हसली. डोळे मात्र बाकांखाली फिरत होते. पायच पाय दिसत होते. पहिल्या बाकावरची निता तर पैंजणाचे पाय सैल सोडून बसली होती. मुलं प्रश्न विचारत होती, उत्तरं देत होती, पंजाबराव सर मान डोलवत भराभर लिहीत होते. मेला वर्ग रंगायचा तर आजच रंगत होता! रंजीताच्या पाठीवरून घामाचा ओघळ खाली गेला. आता सांगावं, असं तिला प्रत्येक वाक्याला वाटत होतं आणि प्रत्येक वाक्याला ती पुढचं वाक्य बोलत होती.

मग निताने एका पायाने दुसऱ्या पायाचा घोटा खाजवला.

खडू रंजीताच्या हातून पडला. पुस्तकी मराठी कुठच्या कुठे पळाली.

"पाय वर घ्या! समदे पाय बाकावर घ्या! कोनी खाली उतरू नका, कोनी पळू नका. विंचू सुटला हाय!"

किंकाळ्या उठल्या. पंजाबराव सरांनीही बुटाशिवायचे मोजे खुर्चीवर घेतले. रंजीताने प्रोजेक्टरचे काळे पडदे ओढले, दिवा घालवला आणि पिशवीतून चिमटा आणि तिचा जांभळ्या उजेडाचा टॉर्च काढला. त्या उजेडात विंचू हिरवा चमकतो. बांधावर ती त्यानेच विंचू शोधायची. पण बांधावर तिच्या पायात गमबूट असायचे. इथे तीही अनवाणी होती.

ती गुडघ्यांवर टेकली. अंधारात कुणीतरी देवाचं नाव घेत होतं. धुण्याच्या पावडरचे डाग फरशीवर पांढुरके चमकत होते आणि दर डागाशी ती चिमटा रोखून थांबत होती. मग पहिल्या बाकाच्या पायाशी हिरवं काहीतरी दिसलं. नांगी वर होती. मघाशी तिथेच निताची टाच होती.

चिमटा तिसऱ्या खेपेला लागला. विंचू बरणीत गेला, झाकण फिरलं, दिवा लागला.

आणि पंजाबराव सर टाळ्या वाजवू लागले.

"वा! आधी रिकामी बरणी, मग अंधार, मग शोध! काय नियोजन केलंत हो! असं शिकवणं मी आजवर पाहिलं नाही. सगळ्या कॉलेजांना हा प्रयोग सुचवतो मी."

देवला मॅडमही हसल्या. "शोधायची पद्धतही अगदी पक्की आहे."

रंजीताने फक्त हसायचं होतं. ते तर तिला आज चांगलंच जमत होतं. पण 'सगळ्या कॉलेजांना' हे शब्द कानात घुमत राहिले. कुठल्या तरी धुतलेल्या फरशीवर कुणी तरी मास्तर बरणी उघडतोय, आणि समोर अशीच अनवाणी पोरं. तिला विंचवापेक्षा जास्त भीती वाटली.

"सर, नियोजन नव्हतं. विंचू खरंच सुटला होता."

टाळ्या थांबल्या.

"तुम्हाला कळलं कधी?" देवला मॅडमनी विचारलं.

इथेही खोटं बोलता आलं असतं. "तास सुरू व्हायच्या आधी," रंजीता म्हणाली.

पंजाबराव सरांनी लिहिलेल्या ओळीवर आडवी रेघ मारली. ती रेघ सगळ्या वर्गाला ऐकू आली. दोघं उठून गेले. मुलंही बाकांवरून जपून उतरली, फरशी बघत बघत दाराकडे गेली.

निता मात्र पाय पोटाशी घेऊन तशीच बसली होती.

"उतर आता, निता. भेव नाई."

निता हलली नाही. "मॅडम, बरणी रिकामी हाय हे मले बी दिसलं होतं."

"मंग बोलली काहून नाई?"

"तुमी हासत हासत शिकवून राह्यल्या होत्या ना. मले वाटलं, भेव असतं तं मॅडमनं सांगतलं असतं. म्हून मी पाय खालीच ठेवले."