अकरा रात्रींचं पान

सोमवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी तिला ते पान सापडलं. शिष्यवृत्तीचे पाच दिवस उरले होते.

सापडलं तेही ग्रंथालयाच्या वहीत नाही, तिच्याच लॅपटॉपवर. फोटो क्रमांक दोन हजार सातशे एकोणीस. तिच्या पीएचडीचा विषय होता दीपगृहांच्या रखवालदारांच्या नोंदवह्या : दिवा कधी लावला, वारा कुठला, तेल किती. रखवालदार आजारी पडला की दिवा त्याची बायको लावायची, असं ती तीन वर्षं सांगत होती आणि मार्गदर्शक सर तीन वर्षं विचारत होते, "पुरावा कुठाय?" आता पुरावा समोर होता. रखवालदाराचं टोकदार अक्षर मध्येच थांबलं होतं आणि त्याखाली गोल, जपून काढलेल्या अक्षरात लिहिलं होतं, 'यांना ताप. दिवा मी लावला.' पुढच्या दहा ओळींत नुसतंच, 'मी लावला.' अकरा रात्री.

तिने टेबलाखाली दोन्ही पाय आपटले. समोर बसणाऱ्या मफलरवाल्या आजोबांनी चष्म्यावरून पाहिलं. एकोणीस वर्षं ते याच खुर्चीत बसून एकाच हस्तलिखितावर काम करत होते.

"सापडलं वाटतं?"

"सापडलं!"

"कुठल्या वहीत?"

तिचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं. फोटोत वहीचा क्रमांक कुठेच नव्हता.

प्रत्येक वहीबरोबर क्रमांकाची एक चिठ्ठी मिळे. फोटो काढताना ती पानाशेजारी ठेवायची, असा नियम होता. पहिल्याच दिवशी तिने हिशेब केला होता : एका चिठ्ठीला दोन सेकंद, चार हजार फोटो, म्हणजे सव्वादोन तास वाया. चिठ्ठी पेन्सिलच्या डब्यात गेली. वाचायचं काय, घरी जाऊन वाचू. दहा आठवड्यांत तिने प्रत्येक वहीतली मधली मधली पानं टिपत चार हजार एकशे बारा फोटो काढले आणि शंभर पानंही धड वाचली नाहीत. काउंटरवरची बाई तिला कॅमेराबाई म्हणायची. गेल्या गुरुवारी खांदा भरून आला, म्हणून ती नाइलाजाने वाचायला बसली होती.

तिने सरांना फोन लावला.

"म्हणजे वरात दारात आली, पण नवरा कुठल्या गावचा ते माहीत नाही," सर म्हणाले. "शुक्रवारपर्यंत शोध. नाहीतर ते प्रकरण गाळ. संदर्भ नसेल तर परीक्षक आधी मला सोलतील, मग तुला."

फोटोवर तारीख होती, पाचव्या आठवड्यातला बुधवार. काउंटरवरच्या बाईने त्या दिवसाची नोंद काढली. सहा वह्या.

"दिवसाला सहाच देतात म्हणून माझ्याशी भांडला होतात ना?" बाई म्हणाली. "साठ दिल्या असत्या तर आता बसला असतात शोधत."

मंगळवारी पाच वह्या आल्या. या वेळी तिने पान न् पान वाचलं. एक रखवालदार वाऱ्याच्या दिशेबरोबर शेळीचे प्रतापही लिहायचा. 'नैर्ऋत्य, जोरदार. शेळीने माझा सदरा खाल्ला.' ती एवढ्याने हसली की आजोबांनी वही मागून स्वतः वाचून खात्री केली. दुपारी सव्वातीनला पाचवी वही संपली. गोल अक्षर कुठेच नव्हतं.

"सहावी?"

"ती खाली जतन विभागात. शिवण उसवली होती."

"कुणी उसवली?"

"फोटोसाठी वही सपाट दाबून कोण धरतं, त्यांचं नाव मी घेत नाही," बाई म्हणाली आणि अर्ज पुढे सरकवला.

सूचीप्रमाणे त्या सहाव्या वहीत तीन दीपगृहांच्या नोंदी एकत्र बांधल्या होत्या. सरांचा निरोप आला, "पाचात नाही म्हणून सहावीत असणार, हे लग्नाच्या बोलणीत चालतं. प्रबंधात दीपगृहाचं नाव लागतं."

बुधवारी आईचा फोन आला. "अगं, सांग त्यांना, इतक्या लांबून आलीय म्हणून."

"आई, इथे सगळेच लांबून आलेत."

"मग रडून बघ."

रडावं लागलं नाही. गुरुवारी जतन विभागातली बाई स्वतःच वर आली. ॲप्रनवर खळ, कानावर पेन्सिल. वहीचं एकेक पान सुटं करून वाळत ठेवलंय, म्हणाली. तिने फोटो पाहिला.

"हे अक्षर मी पाहिलंय. पण हे एकच पान नाही हो, पुष्कळ पानं आहेत."

"पुष्कळ म्हणजे किती?"

"मी वाचत नाही, चिकटवते."

त्या दुपारी तिने शिष्यवृत्तीच्या कार्यालयाकडे आणखी एक आठवडा मागितला. कारण दोन ओळींत लिहा, असं छापलं होतं. तिने चौदा लिहिल्या.

शुक्रवारी अकरा चाळीसला तिला तळघरात सोडलं. फोन बाहेर ठेवायचा, आत फक्त पेन्सिल. लांब टेबलावर टिपकागदांवर पानं मांडली होती. रखवालदाराचा ताप अकराव्या रात्री उतरला होता, तशी त्याच्याच हातची नोंद होती. तरी बाराव्या रात्रीपासून पुन्हा गोल अक्षर. ती ओळी मोजत गेली. एकाहत्तर, बहात्तर, त्र्याहत्तर.

"आणि दीपगृहाचं नाव?" तिने जतन विभागातल्या बाईला विचारलं.

"ते या नोंदींच्या पहिल्या पानावर असणार. ते दाबाखाली आहे. सोमवारच्या आधी उघडलं तर फाटेल."

तिने मान डोलावली, खुर्ची ओढली आणि पहिल्या रात्रीपासून उतरवून घ्यायला सुरुवात केली. बारा वाजून पाच मिनिटांनी काउंटरवरची बाई जिन्यावरून डोकावली. शिष्यवृत्तीच्या कार्यालयातून अजून काही कळलेलं नाही, म्हणाली. परतीचं विमान त्याच दुपारी चार दहाचं होतं.